भाग दोन कमी भरतो

वजनमाप निरीक्षकांवर एकतीस वर्षांच्या नोकरीत दोनच आरोप झाले होते. एक, त्यांना विनोद कळत नाही. आणि दोन, ते दुकानात शिरले की दूध नासतं. दुसरा आरोप एका डेअरीवाल्याने लेखी केला होता, आणि निरीक्षकांनी त्याला लेखी उत्तरही दिलं होतं, की दूध नासणं हा विषय आमच्या खात्याकडे येत नाही, मापात कमी असेल तर येतो. यावरून पहिला आरोप खरा असावा असं ऑफिसात सगळ्यांचं मत पडलं.

अशा माणसाने चौपन्नाव्या वर्षी व्हिडिओ गेमच्या भानगडीत पडावं, याला कारण घडलं ते ऑफिसातच. जेवणाच्या सुट्टीत टायपिस्टने मोबाइल पुढे केला आणि विचारलं, की साहेब, तुमचे बंधू ज्या कंपनीत होते तिचाच ना हा गेम? पडद्यावर एक यादी होती : आजवरचे सर्वांत निराशाजनक दहा दुसरे भाग. तिसऱ्या क्रमांकावर ‘बेटांचा राखणदार : भाग दोन’. खाली लिहिलं होतं, की ज्यांना पहिला भाग आवडला त्यांनी हा खेळू नये, आणि ज्यांना आवडला नाही त्यांनी तर मुळीच खेळू नये. टायपिस्टने हे सहानुभूतीपोटी दाखवलं होतं, पण ऑफिसात सहानुभूती एका टेबलावर थांबत नाही. तीन वाजेपर्यंत शिपाईसुद्धा येऊन विचारून गेला, की साहेब, तो नापास झालेला गेम आपल्या घरचा का.

घरचाच होता. धाकटा भाऊ आठ महिन्यांपूर्वी दोन बॅगा आणि एक काळं मशीन घेऊन निरीक्षकांकडे राहायला आला, मागच्या खोलीत शिरला आणि तिथेच राहिला. गेम पडला, कंपनी बुडाली, माणसं पांगली. धाकटा सगळ्यांचं जेवण उरकल्यावर बाहेर येऊन जेवायचा. आधी त्याने दाढी करायचं सोडलं, मग फोन उचलायचं. काय चाललंय रे, असं विचारलं की तो म्हणायचा, काही नाही. आणि तो खोटं बोलत नव्हता. गेम बाजारात आला तेव्हा वहिनीने त्याला फोनवर सांगितलं होतं, छान झालाय हो. निरीक्षक म्हणाले होते, उत्तम. दोघांनीही तो पाहिला नव्हता.

आता मात्र एक पत्र आलं होतं. क्रेन चालवायला शिकणाऱ्यांसाठी कॉम्प्युटरवर खोटी क्रेन बनवणारी एक कंपनी होती, तिने धाकट्याला मुलाखतीला बोलावलं होतं. तीन आठवड्यांनी, सोमवारी, सकाळी अकरा वाजता. धाकट्याने पत्र वाचलं, स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या भांड्याखाली ठेवलं आणि खोलीत परत गेला. जाणार म्हणाला नाही, जाणार नाही असंही म्हणाला नाही. निरीक्षकांना वाटणारी भीती साधी होती. हा त्या सोमवारी उठला नाही, तर पुढे कुठल्याच सोमवारी उठणार नाही. हीच भीती त्यांच्या बायकोलाही वाटत होती, आणि दोघं नवराबायको ती एकमेकांपासून लपवून गळक्या नळाबद्दल बोलत बसायचे.

आणि त्यात ही यादी. मुलाखत घेणारे ती वाचणार, हे उघड होतं.

निरीक्षक घरी आले, बूट काढले आणि बायकोला म्हणाले, की कुठलाही काटा तपासल्याशिवाय खोटा ठरवता येत नाही. बायको म्हणाली, बरं. तिला वाटलं, किराणावाल्याचं काही असेल.

पण निरीक्षकांनी तपासणीला सुरुवात केली होती. ज्या साइटवर लोक गेमना तारे देतात, तिथे भाग दोनला पाचापैकी सव्वा तारा होता. निरीक्षकांनी दोन संध्याकाळी बसून सगळ्या मतांच्या तारखा उतरवून काढल्या, आणि त्यांच्या हाती जे लागलं त्याने ते आठ महिन्यांत पहिल्यांदा हसले. अकराशे चाळीस लोकांनी आपलं मत पहिल्याच दिवशी दिलं होतं. गेम संपवायला चाळीस तास लागतात असं त्याच्याच डब्यावर छापलं होतं. चोवीस तासांच्या दिवसात चाळीस तासांचा माल तोलून झाला, असं सांगणारे अकराशे चाळीस लोक होते, आणि यांच्या शब्दावर एका माणसाने मागच्या खोलीत बसायचं.

निरीक्षकांनी त्या साइटवर स्वतःची नोंद करायचं ठरवलं. ‘निरीक्षक’ हे नाव आधीच कुणीतरी घेतलं होतं, म्हणून ‘निरीक्षक५४’ घेतलं. मग साइटने त्यांना नऊ चित्रं दाखवून त्यांतले पूल ओळखायला सांगितलं, म्हणजे ते माणूस आहेत हे सिद्ध होईल. एका चित्रात पूल होता की गच्ची याबद्दल त्यांना प्रामाणिक शंका होती, त्यामुळे ते तीनदा माणूस ठरले नाहीत. चौथ्यांदा ठरले. शेवटी प्रश्न आला : या खेळाच्या निर्मात्यांशी आपला काही संबंध आहे का? निरीक्षकांनी ‘होय’वर खूण केली. पडद्यावर लगेच उमटलं, की आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आभार, आपण मत नोंदवू शकत नाही.

बायकोने कपाळाला हात लावला. निरीक्षकांनी अर्ज केला, की नातं आहे म्हणून माणसाला वजन वाचता येत नाही असं होत नाही. उत्तर आलं, आपलं म्हणणं आमच्यासाठी महत्त्वाचं आहे. दुसरा अर्ज केला, तेच उत्तर. तिसऱ्या अर्जाच्या उत्तरात विचारलं होतं, की आम्ही केलेल्या मदतीला आपण किती तारे द्याल? निरीक्षकांनी दोन दिले, आणि कारणं जोडली.

ही हकिकत जिन्यात इमारतीच्या सेक्रेटरींना कळली, आणि इथून पुढे ती निरीक्षकांच्या हातात राहिली नाही. सेक्रेटरी हा माणूस मनाने सोन्यासारखा होता आणि पाण्याची टाकी धुण्यापलीकडचं काम मिळावं म्हणून वर्षानुवर्षं तळमळत होता. त्यांनी निरीक्षकांचा हात दाबला आणि काळजी करू नका म्हणाले. निरीक्षकांनी त्यांना बजावलं, की खेळ संपवल्याशिवाय कुणीही मत द्यायचं नाही. सेक्रेटरी म्हणाले, अर्थात.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार ते पाच या वेळात त्या इमारतीतल्या चौदा बिऱ्हाडांनी भाग दोनला पाच पाच तारे दिले. मजकूर सेक्रेटरींनीच तयार करून सगळ्यांना पाठवला होता, तो असा : ‘सदर खेळ अत्यंत दर्जेदार असून सर्व सभासदांनी त्याचा लाभ घेतला. तरी संबंधितांनी नोंद घ्यावी.’ चौदाही ठिकाणी हाच. पहिल्या मजल्यावरच्या एका आजोबांनी तर खाली ‘पाणी सकाळी सहा ते आठ’ हेही तसंच ठेवलं होतं, कारण ते आधीच्या नोटिशीचं होतं.

संबंधितांनी नोंद घेतली. दोन दिवसांत साइटवर भाग दोनच्या नावाखाली लाल पट्टी आली : या खेळाच्या बाबतीत बनावट मतं आढळली आहेत. त्यावर बातम्या झाल्या. बुडालेली कंपनी मेल्यावरही लबाडी करते आहे, असं लोक म्हणू लागले. पाण्याच्या वेळेची तर टिंगल इतकी झाली की लोक एकमेकांना सकाळी सहा ते आठ म्हणून चिडवायला लागले. यादीत गेम तिसऱ्या क्रमांकावरून पहिल्यावर आला. सेक्रेटरी निरीक्षकांच्या दारात येऊन मान खाली घालून उभे राहिले. मुलाखतीला सोळा दिवस होते.

आतल्या खोलीत याची काही खबर होती की नाही, कळायला मार्ग नव्हता. धाकट्याचं ताट मात्र त्या दिवशी तसंच परत आलं.

निरीक्षकांच्या मते आता एकच रस्ता उरला होता. दोन्ही भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत, साक्षीदारांसमक्ष, खेळायचे. प्रत्येक दोषाची वेळेसकट नोंद करायची. आणि लेखी अहवाल जाहीर करायचा. खोटी मतं आपल्या इमारतीतून गेली होती, खरंही इथूनच जायला हवं होतं. त्यांनी मागच्या खोलीचं दार वाजवलं आणि धाकट्याकडे मशीन मागितलं. कशाला, असं त्याने विचारलं नाही. उठला, वायर गुंडाळली आणि मशीन दादाच्या हातात दिलं. पहिला भागही आहे त्यात, एवढं बोलला.

आता निरीक्षकांच्या खेळण्याबद्दल फार लिहिणं बरं नाही. खेळ असा होता, की समुद्रात पाच बेटं आहेत, प्रत्येकावर एक विझलेला दिवा आहे, आणि एका म्हाताऱ्या राखणदाराने होडीतून जाऊन ते लावायचे. निरीक्षकांचा राखणदार एका तासात एकोणीस वेळा धक्क्यावरून पाण्यात पडून बुडाला. होडी त्यांनी पाहिलीच नाही. विसाव्या वेळी त्यांना घेरी आली आणि ते हॉलच्या मधोमध जमिनीवर बसले. बायकोने लिंबू हुंगायला दिलं. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर पाहायला आले होते, त्यांनी विचारलं की हे पहिल्या भागात झालं की दुसऱ्या. निरीक्षक म्हणाले, पहिल्या. डॉक्टर म्हणाले, मग हा चांगला भाग.

सुटका केली ती खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी. वय अडुसष्ट. त्या विरजण मागायला म्हणून आल्या, पाच मिनिटं पाहत उभ्या राहिल्या, मग निरीक्षकांच्या हातातला कंट्रोलर घेऊन सोफ्यावर बसल्या आणि राखणदाराला धक्क्यावरून सरळ होडीत उतरवलं. चाळीस वर्षं बेचाळीस पोरं एका नजरेत ठेवलेल्या बाईंना एक म्हातारा सांभाळणं जड नव्हतं. तेव्हापासून रोज संध्याकाळी पाच ते आठ आणि सुट्टीच्या दिवशी दुपारीही बाई खेळायच्या, निरीक्षक हातात स्टॉपवॉच आणि मांडीवर वही घेऊन शेजारी बसायचे, डॉक्टर सल्ले द्यायचे आणि सेक्रेटरी प्रायश्चित्त म्हणून चहा आणायचे. हळूहळू बाकीचे लोक आपापल्या खुर्च्या घेऊन येऊ लागले.

पहिला भाग सहा दिवसांत संपला. चांगलाच होता, यात शंका नाही, पण निरीक्षकांच्या वहीत त्याचेही सत्तावीस दोष नोंदले गेले. होडी खडकात अडकते. चौथ्या बेटावर पाऊण तास काहीच घडत नाही. या दोषांबद्दल जगात कुणीच कधी ओरडलं नव्हतं. निरीक्षकांनी बारीक अक्षरात लिहिलं, की लोक पहिला भाग आठवणीत तोलतात, आणि आठवण नेहमी वजन वाढवून दाखवते. दुसरा भाग मात्र काट्यावर तोलतात.

या मुद्द्यावर हॉलमध्ये बरीच चर्चा झाली. डॉक्टर म्हणाले, की दुधाचे दात पडून जे येतात तो माणसाच्या तोंडातला दुसरा भागच, आणि सगळ्या तक्रारी त्याच भागाच्या येतात, यावर तर माझं घर चालतं. बाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, की मी शेकडो धाकटी भावंडं शिकवली. वर्गात शिरलं की पहिल्या दिवशी मास्तर म्हणणार, अरे तू त्याचा भाऊ का, तो हुशार होता हो. पोराने अजून पाटीवर एक अक्षरही काढलेलं नसतं. निरीक्षकांना हे उदाहरण फार पटलं. त्यांनी ते वहीत घेतलं, आणि ते आपल्याच घराबद्दल आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

मग भाग दोन सुरू झाला, आणि सगळ्यांना आश्चर्याचा धक्का बसला. तो वाईट नव्हता. पहिलं बेट सुंदर होतं. समुद्र तर असा होता, की खेळ थांबवून सगळे नुसते पाण्याकडे बघत बसले. सहा-सात वर्षांपूर्वी धाकट्याने मोबाइलवर दादाला हलणारं पाणी दाखवलं होतं, ते निरीक्षकांना आठवलं. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की समुद्र आमच्या धाकट्याने केलाय. त्या दिवशी ते जेवताना दोन घास जास्त जेवले.

आणि मग तिसरं बेट आलं.

तिसऱ्या बेटावर उतरलं की समोर एक प्रचंड दार आहे. ते उघडायला बेटाच्या चार टोकांना असलेली चार चाकं फिरवायची. प्रत्येक टोकापर्यंत चालत जायला आणि यायला अकरा मिनिटं. निरीक्षकांनी चारही फेऱ्या मोजल्या. वाटेत झाड नाही, घर नाही, माणूस नाही. दारापाशी एक पहारेकरी बसलेला आहे, तो प्रत्येक फेरीनंतर एकच वाक्य बोलतो : घाई कशाला, समुद्र कुठे पळून जात नाही. चौथं चाक फिरवून आलं की दार सावकाश, तीन मिनिटं कुरकुरत उघडतं. आत एक रिकामं अंगण, त्यात दिवा. लावायचा आणि निघायचं. बाईंचा हात चुकून राखणदार पाण्यात पडला, की हे सगळं पहिल्यापासून करावं लागायचं. तीनदा असं झालं.

दोन संध्याकाळी त्या हॉलमध्ये जे बोललं गेलं ते सभ्य लोकांचं घर म्हणून सौम्य करूनच सांगावं लागेल. डॉक्टर म्हणाले, ज्याने हे बेट केलं त्याच्या दाढा मी भूल न देता काढीन. सेक्रेटरींनी त्या इसमाच्या निषेधाचा ठराव मांडला आणि तो एकमताने मंजूर झाला. बाई म्हणाल्या, या माणसाला मी चौथीत जाऊ दिलं नसतं. लोक जिन्यात भेटले की एकमेकांना घाई कशाला म्हणून डोळे मिचकावायचे. निरीक्षकांची बायको मधूनमधून म्हणायची, की हळू बोला, आत माणूस आहे. निरीक्षक म्हणाले, त्याचं काय, त्याने समुद्र केलाय. आणि वहीत लिहिता लिहिता त्यांनी सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने वाचलं : ‘या बेटाची जबाबदारी ज्याच्यावर होती, त्याला आपल्या कामाची लाज नसावी.’ वाक्य चांगलं जमलं म्हणून लोकांनी त्यांना ते पुन्हा वाचायला लावलं. त्यांनी वाचलं.

हॉल आणि मागची खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि तीही अर्ध्या विटेची.

चौथं आणि पाचवं बेट पुन्हा चांगलं निघालं. मुलाखतीच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी तीन वाजता, बाईंनी शेवटचा दिवा लावला. टाळ्या झाल्या. मग काळ्या पडद्यावर, गेम बनवणाऱ्यांची नावं खालून वर सरकू लागली. फार थोड्या लोकांनी हा पडदा पाहिला असेल, असं निरीक्षकांनी सगळ्यांना समजावून सांगितलं आणि समुद्राखाली आमचं नाव येईल, लक्ष ठेवा म्हणाले. डॉक्टरांनी चष्मा पुसला. नावं यायला लागली ती संपेचनात. समुद्र आला. त्याखाली अकरा नावं होती. धाकट्याचं नव्हतं.

निरीक्षक उठून उभे राहिले. नाव गाळलंय, म्हणाले, हा अन्याय आहे, याची लेखी तक्रार होणार. सेक्रेटरी म्हणाले, मसुदा मी करतो. पहिलं बेट गेलं, चौदा नावं. दुसरं बेट, नऊ. मग आलं : ‘तिसरं बेट, आराखडा आणि बांधणी’.

त्याखाली एकच नाव होतं.

डॉक्टर ते अर्धं मोठ्याने वाचून थांबले. बाईंनी कंट्रोलर हळूच टेबलावर ठेवला. नावं वर सरकत राहिली, त्यांना कुणी वाचत नव्हतं. मग एकेक जण आपली खुर्ची उचलून, तिचा पाय कुठे आपटू न देता, दाराबाहेर गेला. सेक्रेटरी कपबशा घेऊन गेले, त्यांतल्या निम्म्या निरीक्षकांच्याच होत्या. बायको स्वयंपाकघरात जाऊन नळाखाली भांडी घासायला लागली, आणि तिला रडू आवरेना.

निरीक्षकांनी बऱ्याच वेळाने मागच्या खोलीचं दार वाजवलं. धाकटा खाटेवर बसला होता. निरीक्षक खुर्चीत बसले. वही हातातच होती, ती त्यांनी पाठीमागे घेतली.

“ऐकलं मी,” धाकटा म्हणाला. “सगळं.”

“आम्हाला वाटलं होतं, तू समुद्र केलास.”

“कुणी विचारलंच नाही ना मला, काय केलं ते.”

हे खरं होतं. आठ महिन्यांत त्यांनी त्याला जेवलास का, झोपलास का, दाढी कधी करणार, सगळं विचारलं होतं. निरीक्षकांना आतून शरम वाटली. ते म्हणाले, की तसं ते बेट इतकं काही वाईट नाही. तपासणी करून झाल्यावर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच खोटा शेरा दिला होता, आणि तो इतका वाईट दिला की धाकट्याने मान वर केली.

“दादा, नको. तुला जमत नाही ते. खरं सांग, कसं आहे?”

निरीक्षकांनी पाठीमागची वही चाचपली. नळाचा आवाज येत होता.

“कमी भरतं,” ते म्हणाले.

“किती?”

निरीक्षकांनी वही पुढे घेतली आणि वाचलं. चार फेऱ्या, प्रत्येकी अकरा मिनिटं. दार तीन मिनिटं. पहारेकऱ्याचं वाक्य एक. अंगणात करण्यासारखं काही नाही. धाकटा मान हलवत ऐकत होता. मग तो भिंतीकडे बघत सांगायला लागला, की आराखड्यात त्या दारामागे अख्खं गाव होतं. बाजार, शाळा, चोवीस घरं, प्रत्येक घरात बोलणारी माणसं. चौदा महिन्यांचं काम, सहा जणांचं. मग पाच जणांना दुसरीकडे पाठवलं आणि गेमची तारीख जवळ आणली. त्याच्या हातात पाच आठवडे राहिले.

“दारामागे काही नाहीये, दादा. बांधायला वेळच मिळाला नाही. म्हणून ते उघडायला इतका वेळ लावला मी. लोकांना वाटावं, आत काहीतरी आहे.”

निरीक्षकांनी विचारलं, हे लिहू का वहीत? धाकटा म्हणाला, लिही. त्यांनी लिहिलं. धाकट्याने वही मागून घेतली आणि पहिल्या पानापासून वाचली. दोन ठिकाणी वेळ दुरुस्त केली. शेवटचा निष्कर्ष असा होता, की भाग दोनचा माल कमी भरतो हे खरं आहे, पण त्याची बदनामी मालाच्या तिप्पट वजनाची आहे. तो त्याने दोनदा वाचला. मग एका जागी बोट ठेवलं.

“हे लाज नसावीचं वाक्य तेवढं काढ. बाकी बरोबर आहे.”

निरीक्षकांनी ते खोडलं आणि खात्याच्या नियमाप्रमाणे खाडाखोडीशेजारी सही केली. धाकटा म्हणाला, मशीन दिलं तेव्हा वाटलं होतं, तू पहिल्या बेटावरच सोडशील, सगळे सोडतात. मग तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. उद्याचं निरीक्षकांनी विचारलं नाही. धीरच झाला नाही.

सोमवारी सकाळी नऊ वाजता बायकोने निरीक्षकांना हलवून सांगितलं, की भांड्याखाली पत्र नाहीये. वहीतली पानंही नव्हती; दोरा उसवून नीट काढून घेतली होती. निरीक्षक ऑफिसला गेले नाहीत. दिवसभर नवराबायको नळाबद्दलसुद्धा बोलले नाहीत.

धाकटा चार वाजता आला. गालावर दोन ठिकाणी ब्लेड लागलेलं होतं. तो हॉलमध्ये सोफ्यावर बसला आणि वहिनीने पाणी दिलं ते प्यायला. नोकरीचं काही सांगता येत नाही, म्हणाला. अजून दोघं रांगेत आहेत, आणि त्यांच्या नावावर लाल पट्टी नाही. मुलाखत घेणाऱ्यांनी त्या खोट्या चौदा मतांबद्दल विचारलं, ती आमच्या इमारतीतून गेली असं मी सांगून टाकलं. मग त्यांनी विचारलं, की तुम्ही त्या गेममध्ये नेमकं काय केलं?

“मग?” निरीक्षकांनी विचारलं.

“तिसरं बेट म्हणालो. तिघंही एकमेकांकडे बघायला लागले. तिघांनीही गेम दुसऱ्या बेटावर सोडलेला. मग मी ती पानं पुढे ठेवली. बराच वेळ वाचत होते. मधला एक म्हणाला, हे कुणी लिहिलंय?”

“काय सांगितलंस?”

“म्हटलं, माझ्या भावाने. मला भेटलेल्यांपैकी तो एकटाच शेवटपर्यंत खेळलाय.”

निरीक्षकांनी तोंड उघडलं. खेळल्या होत्या बाई. त्यांनी स्वतः पहिल्या भागाच्या धक्क्यावरून एकोणीस वेळा पाण्यात पडण्यापलीकडे काहीही केलं नव्हतं, आणि हे सांगणं त्यांचं कर्तव्य होतं. धाकटा त्यांच्याकडे बघत होता. एकतीस वर्षांच्या नोकरीत निरीक्षकांनी चुकीची नोंद समजूनउमजून तशीच राहू दिली, ती ही एकच.